पालथे पडलेले मोआई

(दृश्य : दक्षिण किनारा. लाटांचा आवाज. कॅमेरा जमिनीलगत.)

हा आकाहांगा. रापा नुईचा, म्हणजे नकाशावर ईस्टर आयलंड म्हणून दिसणाऱ्या बेटाचा, दक्षिण किनारा. समोर जो दगडांचा ढिगारा दिसतोय, तो एके काळी बांधीव चौथरा होता. इथली माणसं त्याला आहू म्हणतात. चौथऱ्यापुढे जे लांबट दगड पडलेत, ते मोआई, म्हणजे दगडात कोरलेल्या मूर्ती. सगळे पालथे. नाक मातीत, पाठ आभाळाकडे. कानाची ती लांब पाळी बघायची तर गुडघे टेकून वाकावं लागतं, कारण निम्मा चेहरा गवताखाली गेलाय. थोडं पुढे तांबूस दगडाचे जाडजूड गोल तुकडे विखुरलेत. ते यांच्या डोक्यावर बसवलेले होते. मूर्ती कोसळल्या तेव्हा ते घरंगळत गेले आणि जिथे थांबले तिथेच राहिले.

आपली फेरी मुद्दामच इथून सुरू केली आहे. मोआईंचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. समुद्राकडे पाठ करून, ओळीनं उभे. ते पाहिले की वाटतं, हे शेकडो वर्षं असेच उभे असणार. तसं नाही. आज चौथऱ्यावर उभा दिसणारा एकूण एक मोआई १९५५ नंतर पुन्हा उभा केलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेटावरचे सगळे चौथरे रिकामे झाले होते.

'हे एवढे मोठे दगड हलवले कसे?' हा प्रश्न इथे येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि त्याच्याकडे आपण येणारच आहोत. पण ते पडले का, आणि पुन्हा उभे कुणी केले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

(दृश्य : विमानातून बेट. धावपट्टी.)

आधी हे बेट आहे कुठे ते बघू. चिलीचा किनारा इथून साडेतीन हजार किलोमीटरांच्या पलीकडे. पश्चिमेला सगळ्यात जवळची वस्ती पिटकेर्न बेटाची, तीही दोन हजार किलोमीटरांवर, आणि तिथे माणसं पन्नासच्या आसपास. आपल्या बाजूनं सांगायचं तर जैसलमेरच्या आसपास उभं राहून पृथ्वीच्या आरपार सरळ भोक पाडता आलं, तर ते जवळपास याच बेटावर निघेल. मुंबईकराला याहून लांबची जमीन शोधणं कठीण आहे.

बेटाचा आकार त्रिकोणी, क्षेत्रफळ १६४ चौरस किलोमीटरांच्या आसपास. तीन कोपऱ्यांवर तीन ज्वालामुखी : पोईके, रानो काऊ आणि सगळ्यात उंच तेरेवाका, ५०७ मीटर. तिन्ही आता शांत. गाव एकच, हांगा रोआ. सान्तियागोहून विमानानं पाच-साडेपाच तास लागतात. येताना विमान ज्या माताव्हेरी विमानतळावर उतरतं, त्याची धावपट्टी अशा बेटाच्या मानानं भलतीच लांब आहे. १९८० च्या दशकात नासानं स्पेस शटलला अडचणीच्या वेळी उतरता यावं म्हणून ती वाढवून घेतली. शटल कधीच आलं नाही, पण मोठी विमानं येऊ लागली आणि पर्यटक वाढले.

बेटाचा बराच भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, आणि १९९५ पासून तो जागतिक वारसा आहे. त्याचा कारभार आता माऊ हेनुआ ही रापा नुई लोकांचीच संस्था बघते. तिकीट दहा दिवस चालतं, पण रानो राराकू आणि ओरोंगो या दोन ठिकाणी एकदाच आत सोडतात. बहुतेक जागी स्थानिक वाटाड्या बरोबर लागतो. मूर्तीला हात लावायचा नाही, चौथऱ्यावर पाय ठेवायचा नाही. काही पर्यटक यावर कुरकुरतात. २००८ मध्ये एका पर्यटकानं आठवण म्हणून मोआईच्या कानाचा तुकडा तोडला होता. तेव्हा कुरकुर करणाऱ्यांचं फारसं ऐकू नये.

(दृश्य : रानो राराकूचा उतार. पायवाट.)

ही रानो राराकू. मोआईंची खाण. बेटावर हजाराच्या आसपास मोआई आहेत, आणि त्यांतले बहुतेक सगळे याच टेकडीतून काढलेले. जवळपास चारशे तर इथून बाहेर पडलेच नाहीत. इथला दगड म्हणजे ज्वालामुखीची राख दाबली जाऊन घट्ट झालेला खडक. पिवळट-करडा आणि तुलनेनं मऊ, पण मध्येच टणक खडे. कोरायची हत्यारंही दगडाचीच : कठीण बेसाल्टचे, हातात मावणारे, टोकदार तोकी. त्यांची धार गेली की टाकून द्यायचे. असे टाकलेले तोकी इथे खच पडल्यासारखे सापडले.

या भिंतीकडे नीट बघा. डोळा सरावला की कातळात एक चेहरा दिसू लागतो. मग कपाळ, हनुवटी, पोटावर टेकवलेले लांब बोटांचे हात. हा मोआई उताणा आहे, अजून कातळाला चिकटलेला. दोन्ही बाजूंना माणूस आत शिरून काम करू शकेल एवढी चर खोदली आहे. दगडकाम करणारे त्या चरीत उभे राहून पुढची बाजू पूर्ण करायचे. मग पाठीखालचा दगड दोन्हीकडून कोरत न्यायचा, शेवटी पाठकण्याच्या जागी एक कणा तेवढा उरायचा. तो फोडला की मूर्ती सुटली. दोर लावून ती उतारावरून खाली सरकवायची, पायथ्याच्या खड्ड्यात उभी करायची आणि मग पाठीवर हात फिरवायचा.

एका मूर्तीला किती वेळ लागत असेल? १९५५ साली नॉर्वेजियन संशोधक थोर हायरडाल इथे आले होते. त्यांच्या सांगण्यावरून बेटावरच्या सहा जणांनी जुने तोकी हातात घेतले आणि तीन दिवस कातळावर घाव घातले. दगडावर पाणी शिंपडत, टवके उडवत नुसती बाह्यरेषा उमटली. त्यावरून मध्यम मूर्तीला वर्षभर तरी लागेल, असा हिशेब निघाला.

आता या उतारावरची डोकी. बेटाचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो इथलाच, आणि त्यामुळेच मोआई म्हणजे नुसती डोकी, असा समज जगभर पसरला. खरं तर प्रत्येक डोक्याखाली धड आहे. वरून वाहून आलेली माती साठत गेली आणि मूर्ती गळ्यापर्यंत गाडल्या गेल्या. उत्खननात त्यांची धडं बाहेर आली तेव्हा पाठीवर होडीच्या आकाराची कोरीव चिन्हं दिसली, तीही न झिजलेली. मातीनं झाकलं म्हणून वाचली. उघड्यावर असलेल्या भागावर वारा, पाऊस आणि दगडफुलानं इतकं काम केलंय की काही चेहऱ्यांवर नाक तेवढं ओळखू येतं.

वर भिंतीत एक अजस्र मूर्ती अर्धवट आडवी आहे. लांबी एकवीस मीटरच्या घरात, सात मजली इमारतीएवढी. चौथऱ्यापर्यंत पोचलेल्यांपैकी सगळ्यात मोठा पारो, तो दहा मीटर उंच आणि वजनाला ८० टनांच्या वर. एकवीस मीटरची ही मूर्ती हलवायचा खरंच कुणाचा विचार होता का, यावर जाणकारांत एकमत नाही. मला विचाराल तर एखाद्या घराण्याची ईर्षा कुठवर जाऊ शकते, याचा हा नमुना आहे.

जाता जाता तुकुतुरी बघा. गुडघ्यांवर बसलेला, टाचांवर भार दिलेला, गोल चेहऱ्याचा, दाढी असलेला मोआई. बाकी कुणाशी याचं साम्य नाही. बेटावर त्याच्यासारखा तोच एक.

(दृश्य : जुनी वाट. वाटेवर एकटाच पडलेला मोआई.)

आता तो नेहमीचा प्रश्न. बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं : मोआई चालत गेले. मूर्तीत आणि माणसात असणारी मना नावाची शक्ती त्यांना चालवायची. बाहेरून आलेल्यांनी हे गोष्ट म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. मग कुणी लाकडी घसरगाडी सुचवली, कुणी ओंडके, कुणी परग्रहावरचे पाहुणे. शेवटच्या सूचनेवर वेळ घालवायला नको.

खाणीतून निघणाऱ्या वाटांवर काही मोआई पडलेत. त्यांच्याकडे निरखून पाहिलं तर दोन गोष्टी कळतात. त्यांचा तळ रुंद आहे आणि पुढच्या बाजूला गोलसर, त्यामुळे ते उभे केले तर पुढे झुकतात. आणि त्यांना डोळ्यांच्या खोबण्या नाहीत. खोबण्या चौथऱ्यावर पोचल्यावरच कोरायच्या. कार्ल लिपो आणि टेरी हंट या पुरातत्त्वज्ञांनी यावरून अंदाज बांधला की झुकलेली मूर्ती उभी ठेवून, डोक्याला दोर बांधून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे ओढली तर ती आपोआप पाऊल पुढे टाकेल. घरातलं गोदरेजचं कपाट एकट्या-दुकट्यानं हलवताना आपण एक कोपरा टेकवून दुसरा पुढे घेतो, अगदी तसंच. त्यांनी साडेचार टनांच्या आसपास वजनाची काँक्रीटची प्रतिकृती बनवली. तीन दोर, अठरा माणसं, आणि चाळीस मिनिटांत शंभर मीटर. सगळ्या संशोधकांना हे पटलेलं नाही. ८० टनांचा पारो असा चालला असेल का, हा आक्षेप रास्त आहे. पण 'चालत गेले' म्हणणाऱ्या आजोबांना निदान कुणी खुळ्यात काढू नये, इतपत पुरावा झाला.

(दृश्य : अनाकेना. पांढरी वाळू, नारळ.)

अनाकेनाचा हा समुद्रकिनारा. पोवळ्यांची पांढरी वाळू. नारळ मात्र इथले नव्हेत, १९६० च्या दशकात ताहितीहून आणून लावलेत. बेटाचा पहिला राजा होतू मातुआ आपल्या होड्या घेऊन इथेच उतरला, असं परंपरा सांगते. पुरातत्त्वाच्या हिशेबानं वस्ती झाली ती साधारण बाराव्या-तेराव्या शतकात, आणि आलेली माणसं पॉलिनेशियन होती.

मोआई म्हणजे त्यांचे पूर्वज. वंशातला मोठा माणूस गेला की त्याची मूर्ती वस्तीच्या चौथऱ्यावर उभी राहायची, आणि ती समुद्राकडे पाठ करून, आपल्या माणसांकडे बघत. आहू आकिवीचे सात मोआई तेवढे समुद्राच्या दिशेनं पाहतात, पण तेही समुद्रापासून दूर, आत आहेत, आणि त्यांच्यासमोरही वस्तीची जागा होतीच. काही मूर्तींच्या डोक्यावर पुना पाऊच्या खाणीतून आणलेल्या लाल दगडाचा पुकाओ असायचा. तो केसांचा बुचडा असावा असं मानतात.

आणि डोळे. कित्येक वर्षं संशोधकांना वाटायचं की त्या खोबण्या रिकाम्याच असायच्या. १९७८ मध्ये इथे, अनाकेनाच्या वाळूत, रापा नुईच्याच पुरातत्त्वज्ञ सोनिया हाओआ यांना पांढऱ्या पोवळ्याचे तुकडे मिळाले. जुळवल्यावर डोळा तयार झाला, लाल दगडाच्या बुबुळासकट. हांगा रोआच्या संग्रहालयात तो आता काचेमागे आहे. तळहातापेक्षा मोठा, कडेला बदामासारखा निमुळता. डोळे बसवल्यावर मूर्तीत मना यायची, असं इथे मानतात.

(दृश्य : समुद्र. जहाजांची जुनी चित्रं.)

५ एप्रिल १७२२. ईस्टरचा रविवार. डच दर्यावर्दी याकोब रोगेव्हेनला बेट दिसलं, म्हणून हे नाव पडलं. तेव्हा मूर्ती उभ्या होत्या आणि लोक त्यांच्यापुढे जाळ पेटवून बसत होते. पहिल्याच भेटीत डच खलाशांनी गोळ्या झाडून दहा-बारा माणसं मारली. १७७० मध्ये स्पॅनिश आले. १७७४ मध्ये कॅप्टन कुक आला, तेव्हा काही मूर्ती पडलेल्या होत्या. १८३८ च्या सुमारास उभ्या मूर्तींचा शेवटचा उल्लेख मिळतो. त्यानंतर नाही. मूर्ती पाडल्या त्या बेटावरच्याच घराण्यांनी, एकमेकांच्या. शत्रूच्या पूर्वजाला तोंडावर पाडलं की त्याची मना गेली.

आता यावर उभी राहिलेली एक कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे. मूर्तींच्या हव्यासापायी या लोकांनी झाडं तोडली, रान उजाड केलं, अन्न संपलं, आपसात कापाकापी झाली आणि माणसं संपली. पर्यावरणाच्या भाषणात हे उदाहरण हमखास येतं. यात खरं किती? बेटावर ताडाच्या जातीचं दाट रान होतं आणि ते नाहीसं झालं, हे खरं. त्यात कुऱ्हाडीचा वाटा होता, तसाच होड्यांतून आलेल्या उंदरांचाही. त्यांनी कुरतडलेल्या ताडाच्या बिया सापडतात. पण रान गेलं म्हणून माणसं संपली नाहीत. त्यांनी शेताला गोल दगडी कुंपण घातलं, जमिनीवर दगड पसरून ओल धरली आणि रताळी पिकवली. २०२४ मध्ये पंधरा जुन्या रापा नुई माणसांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची कसलीही खूण त्यांत मिळाली नाही. उलट ती हळूहळू वाढतच होती. शिवाय युरोपियन यायच्या कितीतरी आधी, तेराव्या ते पंधराव्या शतकाच्या दरम्यान, दक्षिण अमेरिकेतल्या लोकांशी यांचा संबंध आल्याचंही दिसलं. रताळं तिथलंच पीक.

खरी आपत्ती बाहेरून आली, आणि तिची तारीख ठाऊक आहे. डिसेंबर १८६२ पासून पेरूची गुलाम पकडणारी जहाजं इथे येऊ लागली. दीडेक हजार माणसं, राजघराण्यातली आणि जाणकारसुद्धा, पकडून नेली. बोभाटा झाल्यावर मोजके वाचलेले परत पाठवले, ते देवीची साथ घेऊन आले. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली होती. आजचे सगळे रापा नुई त्या मूठभरांचे वंशज.

त्याच तडाख्यात रोंगोरोंगो वाचणारेही गेले. लाकडी फळ्यांवर शार्कच्या दातानं कोरलेली ही चिन्हं अजून कुणालाही वाचता आलेली नाहीत. १९३२ मध्ये हंगेरीचे अभ्यासक द हेव्हेशी यांनी त्यांची आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरच्या चिन्हांची सांगड घातली तेव्हा बराच गाजावाजा झाला. दोन न वाचलेल्या लिप्या शेजारी ठेवल्या की साम्य दिसायला कितीसा वेळ! मधली काही हजार वर्षं आणि निम्मी पृथ्वी कशी भरून काढायची, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

९ सप्टेंबर १८८८ रोजी चिलीनं बेट ताब्यात घेतलं आणि पुढे मेंढीपालनाला दिलं. १९०३ ते १९५३ पर्यंत इथे कंपनीचं राज्य. लोक हांगा रोआत कुंपणाआड, बाकी सगळं बेट मेंढ्यांना. कुंपणाच्या भिंतींना दगड हवेत म्हणून आहूंचे दगड उपसले. नंतर नौदल आलं. १९६४ च्या शेवटी आल्फोन्सो रापू नावाचा तरुण शिक्षक लोकांना घेऊन उभा राहिला, आणि १९६६ मध्ये रापा नुईंना चिलीचं नागरिकत्व मिळालं.

त्याच दिवसांत कॅनडाचं एक वैद्यकीय पथक बेटावर आलं होतं. विमानतळ होण्याआधी, जगाशी संपर्क वाढण्याआधी, इथल्या लोकांची तपासणी करायला. त्यांनी मातीचे नमुनेही नेले. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं १९७२ मध्ये एक द्रव्य वेगळं केलं. बेटाच्या नावावरून ते झालं रॅपामायसिन. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना ते आज जगभर देतात, आपल्याकडेही. बेटाला त्यातून काय मिळालं, हा प्रश्न अधूनमधून निघतो. उत्तर फार लांबलचक नाही : काही नाही.

(दृश्य : तोंगारिकी. पहाट.)

मूर्ती पुन्हा उभ्या राहू लागल्या त्या अनाकेनापासून. हायरडाल यांच्या सांगण्यावरून पेद्रो आतान आणि त्यांच्या माणसांनी एक मोआई उठवला. बारा माणसं, ओंडक्यांची तरफ, आणि मूर्तीखाली एकेक दगड सारत जायचं. अठरा दिवस लागले. हे तंत्र आपल्या घराण्यात चालत आलंय, असं आतान यांनी सांगितलं. मग आधी का सांगितलं नाही? कुणी विचारलंच नव्हतं. १९६० मध्ये विल्यम मलॉय आणि गोन्सालो फिगेरोआ या पुरातत्त्वज्ञांनी आकिवीचे सात उभे केले.

त्याच वर्षी २२ मे रोजी चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची त्सुनामी इथे तोंगारिकीवर आदळली. आधीच पालथे असलेले पंधरा मोआई लाटेनं उचलून आत भिरकावले, चौथरा उधळला. तीस वर्षं ते माळावर तसेच पडून होते. १९९२ मध्ये पुरातत्त्वज्ञ क्लाउदिओ क्रिस्तिनो यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं आणि जपानच्या तादानो कंपनीनं क्रेन दिली. १९९६ पर्यंत पंधराही उभे राहिले. उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या डिसेंबर ते मार्चमध्ये, सूर्य बरोबर त्यांच्या पाठीमागून उगवतो. फोटोसाठी झुंबड असते. जरा बाजूला होऊन एकेकाचं तोंड बघा : उंची वेगळी, खांद्यांची रुंदी वेगळी, नाकाची ठेवण वेगळी. साच्यातून काढलेले नाहीत, ती माणसं आहेत. पुकाओ एकाच्याच डोक्यावर आहे.

(दृश्य : ओरोंगो. खाली खोल समुद्र, तीन लहान बेटं.)

रानो काऊच्या काठावर, एका बाजूला गोड्या पाण्याचं विवर आणि दुसऱ्या बाजूला सुमारे तीनशे मीटरचा कडा, अशा जागी ओरोंगो आहे. मूर्तींचा काळ सरत असताना इथे पक्षी-मानवाची परंपरा जोर धरून होती. घराण्यांचे गडी कडा उतरायचे, लव्हाळ्याच्या तराफ्यावर मोतू नुई बेट गाठायचे आणि मानुतारा पक्ष्याचं पहिलं अंडं फुटू न देता परत आणायचे. ज्याचं अंडं पहिलं, त्याचा म्होरक्या वर्षभर पक्षी-मानव.

इथल्या एका दगडी घरात होआ हाकानानाइआ होता. काळ्या बेसाल्टचा, पाठीवर पक्षी-मानव कोरलेला. १८६८ मध्ये टोपाझ या ब्रिटिश युद्धनौकेनं तो नेला. तेव्हापासून तो लंडनमध्ये, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१८ मध्ये रापा नुईंचं शिष्टमंडळ तिथे जाऊन त्याला भेटलं आणि त्याला परत द्या म्हणून मागणी केली. तो अजून तिथेच आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये रानो राराकूवर वणवा पेटला. गवताची आग दगडाचं काय करणार, असं वाटेल. पण हा दगड राखेचा. तापला की तडकतो, आणि तडकलेल्या जागी पावसाचं पाणी शिरलं की पोपडे सुटतात. अनेक मूर्तींचं कायमचं नुकसान झालं.

पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये, रानो राराकूच्याच पाणी आटलेल्या विवराच्या तळाशी लव्हाळ्यात एक मोआई सापडला. दीड मीटरहून थोडा मोठा. तो कुणाच्याच नोंदीत नव्हता. त्याला उचलून कुठे हलवायचं नाही, असं माऊ हेनुआनं तेव्हाच सांगून टाकलं. उरलेल्या पालथ्या मोआईंचंही तसंच आहे. बेटावर याबद्दल दोन मतं आहेत. काहींना वाटतं, पूर्वज उभेच हवेत. काही म्हणतात, त्यांना आपल्याच लोकांनी पाडलं आणि तोही आपलाच इतिहास, राहू द्या. तूर्त आकाहांगाला क्रेन येणार नाही. तिथे जाल तेव्हा पांढऱ्या दगडांनी आखलेल्या वाटेच्या आत पाय टाकू नका. गवतात कुठे काय पडलंय ते दिसत नाही, आणि वाटाड्या ओरडतो.